येतो म्हणून गेलेले

१

सकाळची कामं हातावेगळी झाली की सूनबाई गाडीत बसायची, किल्ली लावायची आणि ती फिरवण्याआधी डोळे मिटून हात जोडायची. समोर देव नव्हता, स्टिअरिंग होतं. पण देवाला कुठूनही हाक ऐकू जाते अशी तिची समजूत होती. सासूबाईंचे उपचार सुरू झाले तेव्हा तिने दोन नेम धरले होते. एक हा हात जोडण्याचा. दुसरा, त्या पुरत्या बऱ्या होईपर्यंत घरात कोणाला उलट शब्द बोलायचा नाही. पहिला सोपा होता. दुसऱ्याने तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

"मग मी उद्यापासून जेवणाला नावं ठेवतो," नवरा म्हणाला होता. "अशी संधी पुन्हा यायची नाही."

तिने नुसतं हसून घेतलं. नेम तो नेम.

गाडी सासऱ्यांची, जुनी. मामंजी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपायचे. फाटकातून आत घेताना ती उलटी घ्यायचे, म्हणजे तिचं तोंड कायम रस्त्याकडे. सूनबाईला ते जमत नसे. मान वळवून मागे बघता बघता फाटकाचा खांब कुठून पुढे यायचा ते कळत नसे. ती आपली सरळ आत शिरायची आणि गाडी घराच्या पायरीपुढे नाक लावून उभी राहायची.

"गाडीचं तोंड घराकडे बरं दिसत नाही गं," सासूबाई म्हणायच्या. "कोणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं."

"हो आई," सूनबाई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मामंजी जाऊन वर्ष होत आलं होतं. सासूबाई गाडीत मागेच बसत, पाठीशी उशी घेऊन. पुढची सीट रिकामी. "पुढे बसा ना, पाय तरी ऐसपैस पसरता येतील," असं तिने किती वेळा म्हटलं. पण त्या "असू दे" म्हणून मागचंच दार उघडायच्या. दवाखान्यात त्यांना खुर्चीत बसवून हातातून औषध चढवत. ते संपेपर्यंत सूनबाई बाहेरच्या बाकावर पोथीतली पानं उलटायची आणि तेच पान पुन्हा वाचायची. निघताना परिचारिका हसून म्हणायची, "या हं, आजी."

"बाई गं, दवाखान्यात 'या' म्हणू नये," सासूबाई तेवढ्या थकव्यातही म्हणायच्या. "घरी बोलाव की कधीतरी."

अशाच एका सकाळी हात जोडून तिने डोळे उघडले, आणि रिकाम्या सीटसमोर डॅशबोर्डवर एक भेग दिसली. केसासारखी बारीक. तिने बोटाने पुसून पाहिली. पुसली गेली नाही.

२

नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी दाखवली. त्याने डोकं आत घालून पाहिलं, नखाने खरवडली.

"ऊन खाऊन खाऊन चामडं फाटतंच. जुनी गाडी आहे. आपल्याला नाही का सुरकुत्या पडत?"

"तुम्हाला पडतात. मी अजून आहे तशी आहे."

"हा उलट शब्द धरायचा का?"

"हा खरा शब्द झाला," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. घरात बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं होतं.

काचेवर ऊन येऊ नये म्हणून तिने चांदीच्या रंगाचा पडदा आणून लावला. दवाखान्यापाशीही गाडी झाडाच्या सावलीत उभी करू लागली. भेग मात्र वाढतच गेली. आधी एकीच्या दोन झाल्या, मग त्यांच्या शेजारी आणखी. सगळ्यांचं तोंड एकाच ठिकाणी, सीटकडच्या कडेला. तिथून त्या काचेकडे पसरत गेलेल्या. पडदा लावलेल्या गाडीत, सावलीत, ढगाळ हवेत. तिने मनाला समजावलं, की एकदा फाटायला लागलेलं कापड घडी करून ठेवलं तरी विरतच जातं. खरं तर असं होत नाही, हे कपाट लावणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पण दिवसभराच्या धबडग्यात माणूस स्वतःची जी समजूत घालतो तिच्यावर फार प्रश्न विचारत नाही.

सासूबाईंनी एकदाच तिकडे पाहिलं. मग हातातला पंचा पुढे केला. "यावर घाल. उघडं नको."

"डॅशबोर्डला थंडी वाजते का, आई?"

त्या हसल्या नाहीत. तिने पंचा घातला.

३

गाड्यांच्या सीटा शिवणारा, छत लावणारा एक कारागीर बाजाराच्या मागे होता. सगळे त्याला कुशनवाला म्हणत. त्याच्या दुकानात रेक्झिनचे गुंडाळे भिंतीला उभे केलेले, जमिनीवर स्पंजचा चुरा आणि हवेत गोंदाचा असा वास, की दारातच डोकं हलकं व्हावं. सासूबाईंना दवाखान्यात सोडून ती मधल्या वेळात तिकडे गेली.

त्याने पंचा उचलला आणि भेगांवरून बोट फिरवत सीटकडच्या कडेपर्यंत नेलं.

"वहिनी, इथे हात टेकवून कोण बसतं?"

"कोणी नाही. ती सीट रिकामीच असते."

"उन्हाची भेग काचेकडून सुरू होते, कारण ऊन तिकडून येतं. ही सीटकडून सुरू झालीय. आणि हे बघा." त्याने अंगठ्याने दाबलं. "उन्हाने स्पंज फुगतो, कडा वर येतात. हा खाली बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही," तो पटकन म्हणाला. तिचा चेहरा पाहून असेल. "जुना माल, कधी फुगतो, कधी बसतो. लांबी भरतो, घासतो, वरून नवं रेक्झिन ताणून बसवतो. गाडी आजचा दिवस ठेवा. नवी नवरी होऊन येईल."

लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लगदा. तो डब्यात ढवळत असताना ती दारापर्यंत गेली आणि थांबली. मामंजींना शेवटचं दवाखान्यात नेलं ते तिनेच. नवरा कामावर होता. जन्मभर गाडी चालवलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसला होता, आणि सगळी वाट एक हात डॅशबोर्डवर टेकवून, "सावकाश, सावकाश" म्हणत होता. तिची चाल सावकाशच होती. पण समोर काही आडवं आलं, की तिच्या पायाने ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा हात डॅशबोर्ड दाबायचा.

"वहिनी, काही राहिलं का?" कुशनवाल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

४

परतताना भाड्याच्या गाडीने यावं लागलं. सासूबाई खिडकीला डोकं टेकून होत्या. त्यांचा हात हातात घेतला तर नुसती हाडं लागली.

"गाडी कुठाय?"

"दुरुस्तीला टाकलीय. संध्याकाळी मिळेल."

"एकटी?"

"गाडी एकटीच असते, आई. तिला काय मैत्रिणी असतात?"

"तसं नव्हे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

संध्याकाळ व्हायच्या आधीच ती दुकानात गेली. कुशनवाला दारातच उभा होता, हात पुसत. हात स्वच्छ होते तरी पुसत होता.

"तुम्ही मध्ये येऊन गेलात का?"

"मी कशाला येऊ?"

त्याने गाडीचं दार उघडून दाखवलं. लांबी गुळगुळीत लिंपलेली होती. सुकून दगडासारखी झालेली. त्या लिंपलेल्या भागाच्या मधोमध एक खळगा होता, उथळ, आणि त्यातून काचेकडे गेलेल्या पन्हळी. लहान मूल ओल्या सिमेंटवर हात उमटवतं तशा. हा हात लहान नव्हता.

"मी लांबी भरली, दुकानाला कुलूप लावलं आणि जेवायला गेलो," तो म्हणाला. "मांजर असेल. इथे एक मांजर येतं." मग स्वतःच म्हणाला, "मांजर बसलं असेल. बसलं, की पाय सरकतात."

"असेल," तिने लगेच मान्य केलं. दोघांनाही ते मांजर हवं होतं.

"हे आता घासत बसण्यात अर्थ नाही. याच जातीची एक गाडी भंगारात गेलीय. तिचा डॅशबोर्ड चांगला आहे, अख्खाच काढून तुमच्या गाडीत बसवतो. हा जुना मी ठेवणार नाही हां, वहिनी. आधीच सांगतो."

"नेऊन टाका कुठेतरी," ती म्हणाली. लगेच तिला कसंनुसं झालं, जणू घरातल्या कोणाबद्दल बोलली होती. तिने हात जोडले. कुशनवाल्याला वाटलं त्यालाच जोडले, त्यानेही जोडले.

५

नवा बसवलेला डॅशबोर्ड रंगाने किंचित फिका होता. एरवी सुबक. घरच्यांना आवडला. त्यावर घरच्या कोणाचा हात टेकलेला नव्हता, कोणाची आठवण नव्हती, भंगारातल्या परक्या गाडीचा तो, आणि तेच सूनबाईला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिने किल्ली फिरवली ती मोकळ्या छातीने.

दवाखान्याच्या वाटेवर शाळेपुढे गतिरोधक होता. त्याच्या अलीकडे शेजारून करकर आली. प्लास्टिकवर वजन पडल्यासारखी. तिने ब्रेक दाबला, गाडी सावकाश वर चढली, खाली उतरली, आणि करकर सैल झाली.

नवीन आहे, स्क्रू बसायला वेळ लागेल, असं कुशनवाल्याने सांगितलंच होतं. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, तसं पुढचं प्लास्टिक कुरकुरणारच. तिने हे स्वतःला नीट सांगितलं. पुढच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. करकर. मग तिचा पाय ब्रेकवर गेला.

आधी करकर, मग ब्रेक.

ब्रेकच्या आधी आपण वेग कमी करतो, पाय उचलतो, त्यानेही होत असेल. होत असेल. पुढे सरळ मोकळा रस्ता होता. तिने मुद्दाम, समोर काही नसताना, पाय उचलून पाहिला. आवाज आला नाही. ब्रेक दाबून पाहिला. नाही. मग पुढच्या वळणावर मालाची गाडी मागे सरकताना तिला दिसली, आणि तिला दिसायच्या जरा आधीच शेजारी करकरलं.

मागून सासूबाईंचा आवाज आला, दमलेला, समजूत घातल्यासारखा.

"सावकाशच चालवते हो ती."

सूनबाईने आरशात पाहिलं. त्या आरशात बघत नव्हत्या. रिकाम्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या.

"कोणाला म्हणालात, आई?"

"तुला नाही."

दुपारी घरी आल्यावर ती त्यांच्या पायांना तेल चोळत बसली. बऱ्याच वेळाने विचारलं, "मामंजी गेले त्या दिवशी..."

"गेले कुठे?" सासूबाईंनी मध्येच तोडलं. "येतो म्हणाले."

ते खरंच होतं. त्या घरात 'जातो' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणे, आणि घरात राहणारा 'या' म्हणून त्याला निरोप देई. त्याशिवाय पायरी उतरायची नाही, हा सासूबाईंचाच दंडक. त्या दिवशीही गाडीत बसून काच खाली करून मामंजी म्हणाले होते, "येतो गं." मग जरा मोठ्याने, "येतो म्हटलं." सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. तोंडातून शब्द आला नव्हता. सूनबाईला वाटलं होतं, रडू आवरत असतील.

"मी 'या' म्हटलं नाही," सासूबाई आता म्हणाल्या. "मुद्दाम. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं होतं. म्हटलं असतं तर गेलेच असते. निरोपाशिवाय ते पायरी उतरत नाहीत, मला ठाऊक आहे ना."

सूनबाईचे हात थांबले. "मग ते अजून..."

"चोळ की. थांबलीस का?"

६

काही दिवसांनी तपासण्यांचे कागद आले. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरले, चष्मा वर केला आणि चक्क हसल्या. औषधाने काम केलं होतं. आता फक्त अधूनमधून दाखवायला यायचं. सूनबाईने ते कागद घडी करून पोथीत ठेवले. गाडीत बसल्यावर तिने हात जोडले, डोळ्यांतलं पाणी खाली येऊ दिलं आणि डोळे उघडले.

फिक्या रंगाच्या डॅशबोर्डवर, सीटकडच्या कडेला, केसासारखी बारीक भेग होती.

तिने गाडी काढली. शेजारी करकरत होतं. आज सासूबाई खुशीत होत्या. मागे बसून मुलाला काय काय खायला करायचं ते ठरवत होत्या. सूनबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आता कुठे या बऱ्या होताहेत. वर्षभर कोणीतरी गाडीत ताटकळत बसलंय, आणि ज्यांच्यासाठी बसलंय त्या रोज मागच्या सीटवर येऊन बसतात. ताटकळलेलं माणूस शेवटी काय करतं? एकटं जात नाही. सोबत घेऊन जातं.

एकदा तिला स्वतःचंच हसू आलं. शिकलेली बाई तू, प्लास्टिक तडकलंय. मग मालाची गाडी आडवी आली आणि करकर तिच्या पायाच्या आधी झाली. हसू गेलं.

गाडी नेहमीसारखी पायरीपुढे उभी करून तिने सासूबाईंना आत नेलं, पलंगावर निजवलं, अंगावर चादर घातली. मग बाहेर आली. रणरणती दुपार होती. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. इतक्या उजेडात भ्यायचीसुद्धा लाज वाटावी. पायरीवर उभं राहून तिने काचेतून आत पाहिलं. शेजारच्या सीटच्या बैठकीला खोलगट दाब पडला होता.

जुनी सीट, स्पंज बसलेला. पण तिला आठवलं, कुशनवाल्याने सीटचा स्पंजही बदलून दिला होता, वर म्हणाला होता, "यावर कोणी बसत नाही म्हणता, मग जन्मभर जाईल."

ती उंबऱ्यापाशी मागे सरली आणि पाय जुळवून हात जोडले.

"मामंजी, आई आता बऱ्या आहेत. मी आहे त्यांच्याजवळ, काही कमी पडू देणार नाही. तुम्ही फार थांबलात. त्यांना जमलं नाही ते मी म्हणते." तिने जोडलेले हात कपाळाला लावले. "या."

आधी काही झालं नाही. शेजारची भांडी वाजत राहिली. मग सीटवरचा खळगा हळूहळू भरून आला, स्पंज सुस्कारा टाकून वर आला, आणि गाडी त्या बाजूला किंचित वर उचलली गेली, जड माणूस उतरल्यावर उचलते तशी.

तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. तिला वाटलं, झालं. सुटले. तिने भुईला हात लावून नमस्कार केला. घराचं दार सताड उघडंच होतं. मागे वळून ती आत गेली, माठातलं पाणी प्यायली आणि कितीतरी वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. खांद्यावरचं वर्षभराचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

७

सासूबाई जाग्याच होत्या. तिला राहवलं नाही. ती पलंगाजवळ खाली बसली.

"आई, रागावू नका. मी मामंजींना 'या' म्हटलं. तुमच्या वतीने. आत्ताच, दारातून."

त्या रागावल्या नाहीत. नुसत्या छताकडे बघत राहिल्या.

"ऐकलं असावं त्यांनी," सूनबाई घाईघाईने म्हणाली. "मला तसं जाणवलं. गाडीतून कोणी उठल्यासारखं. आता ते निवांत असतील."

"गाडी कुठे होती?"

"इथेच. पायरीपुढे."

"गाडीचं तोंड कुठे होतं गं?"

"घराकडे," सूनबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं. निघालेल्याला दारातून 'या' म्हटलं तर तो निरोप होतो. दारात येऊन उभ्या राहिलेल्याला तोच शब्द म्हटला तर?

बाहेर ऊन होतं तसंच होतं. पुढच्या खोलीत काहीतरी करकरलं. ती तिथली वेताची खुर्ची असावी. उन्हाने वेत तडकतो. मग मधल्या दारापाशी करकरलं, जिथे खुर्ची नव्हती. दाराच्या चौकटीच्या रंगावर, माणूस आधाराला हात टेकतो तेवढ्या उंचीवर, केसासारखी एक बारीक रेघ उमटली होती. सकाळी तिथे होती की नव्हती, हे तिला छातीठोक सांगता आलं नसतं.

"आई," ती कुजबुजली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो थकवा. पाहुण्यांसाठी दिवसभर ताटकळून अखेर दारात पावलं वाजल्यावर असतो तसला. त्यांनी चादरीखाली पाय जवळ ओढून घेतले आणि पलंगाच्या कडेला जागा करून दिली.

त्या जागेवर चादरीला चुण्या पडल्या. गादी दबली.

"सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे पळून चाललेय? अजून महिन्याभराने दाखवायला जायचंय मला. तोवर बसा."

सूनबाईच्या ओठावर सगळं आलं होतं: नको आई, उठा, बाहेर या, हात धरा माझा. पण उलट शब्द बोलायचा नाही, त्या पुरत्या बऱ्या होईपर्यंत, हा तिचा नेम होता, आणि तो मोडला तर ज्यासाठी धरला तेच हातातून जाईल असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणून तिने सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. हाडं होती, पण ऊबही होती. पलीकडच्या बाजूला त्यांचा दुसरा हात चादरीवर उताणा पडलेला होता, आणि त्याची बोटं हळूहळू मिटत होती, कोणाच्या तरी बोटांभोवती.